आधी माणसं मोजा, मग डॉलर: आईबाबांच्या ग्रीन कार्डासाठी उत्पन्नाची अट कशी पूर्ण केली

ताशी २२.५० डॉलर, आठवड्याचे ४० तास, म्हणजे वर्षाचे ४६,८०० डॉलर. ओहायोतल्या कोलंबसमध्ये एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात मी काम करते आणि माझा पगार एवढाच आहे. २०२३ मध्ये मी सिटिझन झाले. आईबाबांसाठी पिटिशन, म्हणजे त्यांना ग्रीन कार्डावर आणण्याचा सरकारकडचा अर्ज, भरायचं हे तेव्हाच ठरलं होतं, पण या पगारावर ते जमेल का, ही धाकधूक दोन वर्षं सोबत होती. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "अगं, एवढा पगार पुरतो." कितीला पुरतो आणि कुणाकुणाला पुरतो, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

आता ते दोघं इथे आहेत. वाटेत मला जे उमगलं ते एका वाक्यात सांगते. या अर्जात पगाराच्या आधी माणसं मोजावी लागतात. माणसांचा आकडा चुकला तर पुढचं सगळं गणित चुकतं. माझा चुकला होता.

अट नेमकी काय आहे

कुटुंबातल्या माणसाला ग्रीन कार्डावर आणायचं असेल तर पिटिशन करणाऱ्याला आय-८६४ हा फॉर्म भरावा लागतो. त्याचं नाव ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. येणारा माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही, वेळ पडली तर मी त्याला सांभाळीन, असा हा करार असतो. १९९६ च्या कायद्याने तो बंधनकारक झाला. तुमच्या घरच्या उत्पन्नाने सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पातळी गाठायला हवी. सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्या माणसाला जोडीदार किंवा मूल आणायचं असेल तर १०० टक्के पुरतात. बाकी सगळ्यांना १२५.

दारिद्र्यरेषेचे आकडे दरवर्षी नवे येतात आणि ते आय-८६४पी नावाच्या एका पानावर तयार तक्त्यात मिळतात. तिथे १२५ टक्के आधीच काढलेले असतात, आपण गुणाकार करायची गरज नाही. मी फॉर्म भरला तेव्हा २०२५ चा तक्ता लागू होता. अलास्का आणि हवाई सोडून बाकी राज्यांसाठी त्यात दोन माणसांच्या घराला २६,४३७ डॉलर होते, तिघांना ३३,३१२, चौघांना ४०,१८७, पाच जणांना ४७,०६२, सहा जणांना ५३,९३७ आणि सात जणांना ६०,८१२. पुढे प्रत्येक माणसामागे ६,८७५. तुम्ही भराल त्या दिवशी जो तक्ता चालू असेल तोच घ्या. कुणाच्या जुन्या फॉर्मवरून आकडा उतरवू नका, माझ्याही नाही.

तक्ता डोळ्यांसमोर धरला की पगाराचा प्रश्न आपोआप मागे पडतो. माझे ४६,८०० डॉलर चार माणसांना भरपूर होते, पाच माणसांना २६२ डॉलरनी कमी. एक माणूस इकडचा तिकडे झाला की निकाल बदलतो.

माणसं कशी मोजायची

फॉर्मच्या भाग ५ मध्ये ही मोजणी आहे. स्वतःपासून सुरुवात करा. मग नवरा किंवा बायको, ती कमावत असो वा नसो. मग २१ वर्षांखालची अविवाहित मुलं, ती इथे जन्मलेली सिटिझन असली तरी. टॅक्स रिटर्नमध्ये ज्यांना डिपेंडंट दाखवता ते सगळे. मग ज्याच्यासाठी हा अर्ज आहे तो माणूस. आणि याआधी ज्यांच्या आय-८६४ वर तुम्ही सही केलीत आणि ज्यांची जबाबदारी अजून तुमच्यावर आहे, ते सुद्धा.

मी कागदावर लिहिलं: मी, नवरा, दोन मुलं, आई. पाच. बाबांच्या फॉर्मवरही तसेच पाच.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. आईवडील म्हणजे दोन वेगळी पिटिशन, दोन वेगळे आय-१३०, म्हणजे पिटिशनचे फॉर्म, आणि दोन वेगळे आय-८६४. आईच्या अर्जात बाबा "सोबत येणारे" म्हणून बसत नाहीत. भावाबहिणीसाठी पिटिशन असेल तर त्यांचा जोडीदार आणि लहान मुलं त्याच अर्जात येतात आणि मोजणीतही येतात. अर्थात भारतातल्या भावंडांच्या रांगेत पंधरा वर्षांहून जास्त काळ जातो, त्यामुळे तिथे आजच्या पगाराची चिंता आज करून उपयोग नाही.

पाच लिहून मी निवांत झाले होते. मग जुन्या टॅक्सच्या कागदांचा खोका काढला, कारण तीन वर्षांची रिटर्न्स एकत्र ठेवावीत असं मनात होतं. त्या खोक्यात २०२१ च्या पाकिटात मला माझ्याच सहीचा एक आय-८६४ सापडला. मावसभाऊ तेव्हा शिकत होता, त्याचं उत्पन्न पुरत नव्हतं, आणि त्याच्या बायकोला आणायचं होतं. मी तेव्हा ग्रीन कार्डावर होते. जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे पिटिशन करणाऱ्याचं उत्पन्न पुरत नसेल तेव्हा स्वतःच्या उत्पन्नावर हमी देणारा दुसरा माणूस, व्हायला सिटिझन असावं लागत नाही, ग्रीन कार्ड चालतं. त्याने विचारलं, मी हो म्हटलं, सही केली. वहिनी आली, सुखाने संसार करते आहे, आणि ती सही मी पार विसरून गेले होते.

पण फॉर्म विसरत नाही. वहिनी अजून ग्रीन कार्डावर होती, सिटिझन झालेली नव्हती. म्हणजे ती माझ्या मोजणीत येत होती. ती माझ्या घरात राहत नाही, माझा एक डॉलर तिच्यावर खर्च होत नाही, तरी येते. पाचाचे सहा झाले. ४७,०६२ चे ५३,९३७ झाले.

खोटं लिहिल्यास शिक्षा मान्य आहे, अशा प्रतिज्ञेखाली आपण या फॉर्मवर सही करतो. एक माणूस "राहून गेलं" म्हणायची इथे सोय नाही. म्हणून फॉर्म अपलोड करायच्या आधी स्वतःला हा प्रश्न नक्की विचारा: मी आजवर आणखी कुणासाठी सही केली आहे का? नवऱ्याने किंवा बायकोने केली असेल तर त्यांनाही विचारा. अशा वेळी त्यांचं उत्पन्न तुम्ही वापरणार असाल तर ते लपून राहणं बरं नाही.

आता आईबाबा दोघं एकदम येणार असतील तर किती धरायचे? फॉर्मच्या चौकटीत आधी स्पॉन्सर केलेली तीच माणसं लिहायची असतात ज्यांना ग्रीन कार्ड मिळालेलं आहे. आईच्या फॉर्मवर बाबा त्यात बसत नव्हते, बाबांच्या फॉर्मवर आई बसत नव्हती. म्हणून दोन्ही फॉर्मवर सहाच. पण व्हिसाची मुलाखत दोघांची एकाच दिवशी, एकाच खिडकीवर. समोरच्या अधिकाऱ्याला दिसणार आहे की या मुलीवर दोन माणसांची जबाबदारी येते आहे. म्हणून मी ठरवलं, चौकटीत सहा लिहायचे आणि पुरावे सात माणसांचे जोडायचे. ६०,८१२. हा माझा निर्णय होता आणि मी तो कुणालाही सुचवीन. पोहून जाण्यापुरतं पाणी असलं तरी थोडी दोरी जवळ असावी.

उत्पन्न म्हणजे कुठला आकडा

फॉर्म दोन गोष्टी विचारतो आणि लोक त्या एकमेकांत मिसळतात. एक, तुमचं चालू वर्षाचं उत्पन्न. दुसरं, मागच्या टॅक्स रिटर्नमधलं एकूण उत्पन्न. महत्त्व आधी चालू उत्पन्नाला आहे. मागच्या वर्षी तुम्ही सहा महिने घरी बसलात, पण आज नीट नोकरी आहे, तर आजची नोकरी धरता येते. फक्त ती कागदावर दिसली पाहिजे.

माझ्या बाबतीत २०२४ च्या रिटर्नमध्ये पगाराचा आकडा ४६,८०० पेक्षा बराच कमी होता. एक तर पगारवाढ नंतर मिळाली होती. शिवाय मी ४०१के या निवृत्तीसाठीच्या खात्यात पैसे टाकते, आणि ते डब्ल्यू-२ च्या, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्याच्या, पहिल्या चौकटीत येतच नाहीत. म्हणून मी एचआरकडून पत्र घेतलं. त्यात कधीपासून काम करते, पद कोणतं, नोकरी कायम आहे, ताशी दर किती, आठवड्याला तास किती आणि वर्षाचा हिशेब किती, हे सगळं लिहून घेतलं. "चांगली कर्मचारी आहे" या ओळीचा उपयोग नाही, वर्षाचा आकडा हवा. सोबत सहा महिन्यांच्या पे-स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, जोडल्या.

टॅक्स रिटर्नमधला आकडा उतरवताना १०४० या रिटर्नच्या मुख्य फॉर्मवरची "टोटल इन्कम" ची ओळ बघा. ती नवव्या क्रमांकावर आहे. त्याच्या खाली "ॲडजस्टेड" असा आणखी एक आकडा येतो, तो घेऊ नका. रिटर्नची फोटोकॉपी देण्यापेक्षा आयआरएस या टॅक्स खात्याच्या साइटवर खातं उघडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा अधिकृत उतारा, उतरवून घ्या. फुकट मिळते आणि ती दिली की डब्ल्यू-२ वेगळे लावायची सक्ती राहत नाही. आमचं रिटर्न जॉइंट होतं, त्यामुळे कुणाचं उत्पन्न किती हे वेगळं कळावं म्हणून मी माझा डब्ल्यू-२ तरीही जोडला. सक्ती एकाच वर्षाच्या रिटर्नची आहे. उत्पन्न चढतं असेल तर तीन वर्षांची द्या, चित्र चांगलं दिसतं. ज्या वर्षी रिटर्न भरायला हवं होतं आणि भरलं नाही, ते आधी भरा, मग पुढे चला.

आता नवऱ्याचं. तो केटरिंग आणि टिफिनचा धंदा करतो. वर्षाला ५२,००० डॉलरच्या आसपास पैसे हातात येतात, त्यामुळे आम्हाला वाटत होतं की दोघांचे मिळून लाखाच्या जवळ जातात. पण स्वतःचा धंदा असणाऱ्याची कमाई म्हणजे गल्ला नव्हे. शेड्यूल सी या रिटर्नला जोडायच्या धंद्याच्या हिशेबावर सामान, गाडी, भाड्याचं किचन, भांडी, सगळा खर्च वजा होऊन शेवटी जे उरतं तेच उत्पन्न. त्याचं उरलं होतं ११,२००. दरवर्षी टॅक्स वाचावा म्हणून आम्ही एकेक पावती जपून खर्चात टाकत होतो, आणि ते खर्च खरेच होते. मात्र तुमचा धंदा असेल आणि दोन वर्षांनी आईवडिलांना आणायचं मनात असेल, तर हा हिशेब आजच मांडून बघा. मागाहून रिटर्न फुगवण्याचा विचारही करू नका.

नवऱ्याचं उत्पन्न माझ्यात मिळवायचं तर त्याने आय-८६४ए भरायचा. तो घरातल्या माणसाचा माझ्याशी केलेला करार असतो आणि त्यावर दोघांच्या सह्या लागतात. आईच्या अर्जाला एक, बाबांच्या अर्जाला एक, असे दोन केले. घरात राहणारा भाऊ, बहीण, सज्ञान मुलगा, यांचंही उत्पन्न असं जोडता येतं, पण ती व्यक्ती तुमच्याच पत्त्यावर राहणारी हवी आणि ती मोजणीत एक माणूस वाढवते. भाऊ ८,००० मिळवत असेल तर त्याला जोडून हाती फारसं लागत नाही, कारण २०२५ च्या तक्त्यात त्याच्यापायी अटच ६,८७५ ने वर जात होती. नवऱ्याचं तसं नाही. तो मोजणीत होताच, त्यामुळे त्याचे ११,२०० निव्वळ फायद्याचे ठरले.

४६,८०० आणि ११,२०० मिळून ५८,०००. सहा माणसांची अट ५३,९३७, ती ओलांडली. सात माणसांची ६०,८१२, तिथे २,८१२ कमी पडले.

(तुमचा पगार एकट्यानेच पुरत असेल, पूर्ण उत्पन्न डब्ल्यू-२ वर असेल आणि पिटिशनवर एकच माणूस असेल, तर आय-८६४ईझेड हा लहान फॉर्म आहे. तो भरा आणि खालचं बरंचसं सोडून द्या.)

कमी पडलेले पैसे बचतीतून

उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते. नियम साधा आहे, आकडा मात्र दचकवणारा. जेवढं उत्पन्न कमी, त्याच्या पाचपट मालमत्ता. सिटिझन आपल्या नवऱ्याबायकोला किंवा १८ वर्षांवरच्या मुलाला आणत असेल तर तिप्पट. आईवडिलांना पाचपटच.

२,८१२ ची पाचपट १४,०६०. आमच्या जॉइंट बचत खात्यात १९,००० होते. नवऱ्याचं उत्पन्न धरलं नसतं तर तूट १४,०१२ ची झाली असती आणि ७०,०६० दाखवावे लागले असते. म्हणून सांगते, बचतीकडे वळायच्या आधी घरातलं प्रत्येक खरं उत्पन्न आधी कागदावर आणा. उत्पन्नातला एक डॉलर बचतीतल्या पाच डॉलरच्या बरोबरीचा आहे.

बचतीसाठी मी बारा महिन्यांची स्टेटमेंट्स दिली आणि बँकेकडून पत्र घेतलं, खातं कधी उघडलं, वर्षभरात किती जमा झालं, आज शिल्लक किती. महिन्यापूर्वी कुणाकडून उसने घेऊन भरलेले पैसे स्टेटमेंटवर लगेच ओळखू येतात. ते करू नका. दुसऱ्याचे पैसे तुमची मालमत्ता होत नाहीत.

ज्याचे वर्षभरात पैसे करता येतील आणि तसं करताना घर उघड्यावर येणार नाही, अशी मालमत्ता चालते. स्वतःचं घर असेल तर त्याची किंमत वजा कर्ज. एकुलती एक गाडी धरता येत नाही, घरात दुसरी चालती गाडी असेल तरच धरता येते.

येणाऱ्या माणसाची भारतातली मालमत्ताही चालते, हे पुष्कळांना माहीत नसतं. बाबांनी फोनवर मला अभिमानाने तीन गोष्टी सांगितल्या. पेन्शन, सांगलीचं वडिलोपार्जित घर आणि एफडी. तिन्हींचं वेगवेगळं झालं.

पेन्शन बसली नाही. येणाऱ्या माणसाचं उत्पन्न धरायचं तर तो तुमचा जोडीदार हवा किंवा तुमच्याच पत्त्यावर राहत असायला हवा. बाबा सांगलीत होते. पेन्शन आयुष्यभर चालू राहणार असली तरी माझ्या घरच्या उत्पन्नात ती धरता येत नव्हती. हे त्यांना सांगताना मला जड गेलं. चौतीस वर्षं मास्तरकी करून मिळवलेले पैसे, आणि लेकीच्या फॉर्मवर त्यांना जागा नाही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरं, पुढचं सांग."

घर बसलं नाही, कारण त्यावर दोन काकांची नावं आहेत आणि वाटणी झालेली नाही. वर्षात विकून पैसे हातात येतील असं प्रामाणिकपणे म्हणता येत नव्हतं. तुमच्या आईवडिलांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट असेल, कागद स्वच्छ असतील, तर सरकारमान्य व्हॅल्युएशन करून घ्या, कर्ज नसल्याचा दाखला घ्या आणि दाखवा.

एफडी बसल्या. दोघांच्या जोड नावावर नऊ लाख होते, त्यावेळच्या भावाने साधारण साडेदहा हजार डॉलर. बँकेच्या पत्रात मुदतीआधी मोडता येतात असं लिहून घेतलं. पैसे भारताबाहेर आणता येतील हेही दाखवावं लागतं. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यामुळे साडेदहा हजारांचा प्रश्न नव्हता. आमची बचत पुरेशी होती तरी मी एफडी जोडल्या. खरं कारण सांगते, बाबांना त्या कागदांत स्वतःचं काहीतरी असावंसं वाटत होतं.

जॉइंट स्पॉन्सर

हे सगळं करूनही पुरत नसेल तर जॉइंट स्पॉन्सर. तो नातेवाईकच असावा असं नाही. वय १८ च्या पुढे, सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक, आणि अमेरिकेत वास्तव्य, एवढं पुरतं. पण एक गैरसमज मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की तो स्पष्ट सांगायला हवा. जॉइंट स्पॉन्सरचे आणि तुमचे पैसे एकत्र मोजत नाहीत. तुमचे ४०,००० आणि त्याचे २०,००० मिळून ६०,००० होत नाहीत. त्याच्या घरची माणसं, अधिक येणारा माणूस, या सगळ्यांची अट त्याने स्वतःच्या घरच्या उत्पन्नावर पूर्ण करायची. आणि त्याने फॉर्म भरला तरी तुमचा सुटत नाही. पिटिशन करणाऱ्याला स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो, उत्पन्न शून्य असलं तरी. आईवडिलांचे अर्ज वेगळे असल्याने आईसाठी एक जॉइंट स्पॉन्सर आणि बाबांसाठी दुसरा, असंही करता येतं. एकाच माणसावर दोघांचा भार टाकण्यापेक्षा ते बरं.

मावसभाऊ आता चांगला कमावतो. त्याने आपणहून फोन केला, "ताई, माझी सही घे. तू माझ्यासाठी केली होतीस." मी नको म्हटलं, कारण माझं जमत होतं, आणि त्या सहीचं वजन मला आता कळलं होतं. त्याच्या सासूबाईंना त्याला पुढेमागे आणायचं आहे. तेव्हा माझे आईबाबा त्याच्या मोजणीत दोन माणसं होऊन बसले असते.

ज्याच्याकडे सही मागाल त्याला पुढची गोष्ट आधी सांगा. ही जबाबदारी येणारा माणूस सिटिझन होईपर्यंत चालते, किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत, किंवा तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा परत जाईपर्यंत, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत. घटस्फोटाने ती संपत नाही. वहिनी आणि भाऊ उद्या वेगळे झाले असते तरी माझी सही तशीच राहिली असती. येणाऱ्या माणसाने मेडिकेड (गरिबांसाठीचा आरोग्य विमा), एसएसआय (गरीब वृद्ध-अपंगांचा भत्ता), फूड स्टॅम्प (अन्नधान्याची मदत) अशी उत्पन्न पाहून मिळणारी मदत घेतली तर ती देणारी यंत्रणा स्पॉन्सरकडे पैसे मागू शकते. हे सगळं ऐकून समोरचा गप्प झाला तर रागावू नका. त्याला दोन दिवस द्या.

कागद चढवताना

आय-१३० मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे आय-८६४ च्या तपासणीची फी १२० डॉलर आणि प्रत्येकाच्या व्हिसाची फी ३२५ डॉलर. मग सगळं पोर्टलवर चढवायचं. सही पेनाने करा, स्कॅन करा. नोटरी लागत नाही. काही जण अजून नोटरीसाठी खेपा घालतात, तो नियम केव्हाच गेला. कुठलीही चौकट रिकामी सोडू नका, लागू नसेल तर तसं लिहा, आणि आकड्याच्या जागी शून्य. स्वतःच्या सिटिझनशिपचा पुरावा विसरू नका. तुम्ही सध्या अमेरिकेबाहेर राहत असाल तर इथलं वास्तव्य सिद्ध करावं लागेल.

मी सगळ्यावर एक पानाचं साधं पत्र लावलं. "माझ्या घरात मोजणीने सहा माणसं आहेत, ती अशी. आमचं उत्पन्न ५८,०००, ते असं. सातवा माणूस धरल्यास २,८१२ कमी पडतात, त्याच्या पाचपट बचत सोबत जोडली आहे." वहिनीचं नाव त्यात मी स्वतःहून लिहिलं. आपला हिशेब वाचणाऱ्याला बोटाने दाखवून दिला की त्याला तो शोधत बसावा लागत नाही.

मुलाखत मुंबईच्या वकिलातीत, बीकेसीत. आईबाबांना मी फॉर्मच्या आणि पुराव्यांच्या प्रती दिल्या आणि फोनवर माझी नोकरी, घरात कोण कोण, जावई काय करतो, हे दोनदा समजावून सांगितलं. अधिकाऱ्याने बाबांना मी काय काम करते ते विचारलं आणि आईला विचारलं, राहणार कुठे. उत्पन्नाबद्दल वेगळा प्रश्न आलाच नाही. कागदात काही कमी आढळलं तर २२१(जी) लिहिलेला कागद हातात देतात आणि काय हवं ते त्यात लिहिलेलं असतं. तो मिळाला तर घाबरू नका, मागितलेलं तेवढं द्या. अधिकारी फॉर्मबरोबर वय आणि प्रकृतीही बघतात, म्हणून आईच्या मधुमेहाच्या औषधांचे कागद सोबत ठेवले होते.

अटीत न मोजला जाणारा पण घरात सगळ्यात मोठा खर्च म्हणजे आरोग्य विमा. वय ६५ च्या पुढे असलं तरी मेडिकेअर हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा विकत घ्यायला आधी इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. तेवढी वर्षं विमा आपल्याला घ्यायचा आहे. आम्ही दाखवलेल्या १९,००० ला म्हणूनच हात लावला नाही, पहिल्या वर्षाचे हप्ते त्यातूनच जाणार होते.

आणि घर बदललं तर आय-८६५ फॉर्मने ३० दिवसांत नवा पत्ता कळवायचा असतो. न कळवल्यास २५० डॉलरपासून दंड आहे. आम्ही आईबाबा आल्यावर एक खोली जास्त असलेल्या घरात गेलो. तेव्हा मी फॉर्म भरायला बसले आणि लक्षात आलं की आईबाबांबरोबर वहिनीसाठीही तो भरायचा आहे. आता त्या खोक्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर तीन नावं आहेत, सही केल्याच्या तारखा आहेत, आणि प्रत्येक नावापुढे एक जागा मोकळी ठेवली आहे. वहिनीने गेल्या महिन्यात सिटिझनशिपचा अर्ज भरला.